जिन्यातला गाळ

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका खाडीतला गाळ भरती-ओहोटीबरोबर कसा सरकतो, याचा अभ्यास करतात. कोकणातून आणलेलं गढूळ पाणी उंच काचेच्या नळीत भरून ते जिन्याच्या सावलीत ठेवतात आणि गाळ किती वेळात खाली बसतो, ते वहीत लिहितात. कुणी धावलं की म्हणतात, “हळू चाल वं पोरी, गाळ बसून राहिला.”

परवा जिना पुसताना मी ती नळी उचलून बाजूला ठेवली. चार दिवसांत बसलेला गाळ क्षणात ढवळला. काका खाली आले. त्यांनी नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वहीतलं अख्खं पान खोडलं.

“मांजर आली असन,” ते हळूच म्हणाले.

हातात ओलं फडकं घेऊन मी समोरच उभी होते. “हो,” मी म्हणाले.