पहिल्या फ्लॉपीवर काय असावं

फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या घरी स्टुलावर उभा राहून पंख्याचा कपॅसिटर बदलत होतो. सावद्याहून प्रशांत बोलत होता, अक्कांचा भाचा. "काका, आत्या गेली सकाळी," एवढंच म्हणाला, आणि मग लाइन नुसती खरखरत राहिली... मी त्याला विचारलं, तिकडे यायला आता बस कुठली मिळेल. अशा वेळी हे विचारायचं नसतं, पण तेच सुचलं. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. घरासमोर केळीचे घड ट्रकमध्ये भरायचं काम चालूच होतं. माल पिकायचा थांबत नाही, त्याला कोण काय करणार. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीसाठी लिहा असा निरोप दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी थकलोय असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण मधल्या काळात अक्कांवर जे छापून आलं त्यात त्यांना 'खानदेशातील संगणकयुगाच्या अग्रदूत' म्हटलं होतं. ते वाचून त्या वैतागल्या असत्या, म्हणून लिहायला बसलो.

इंदुमती चौधरी हे त्यांचं नाव, पण धुळ्याच्या ज्या तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात आम्ही दोघं शिकवायचो तिथे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणत. त्या गणित शिकवत, मी इलेक्ट्रॉनिक्स. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही, त्याचं कारण कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीबाहेर चपला काढून ठेवायचा नियम होता. तो गाभारा आहे का असं विचारून अक्का चपला घालूनच आत गेल्या आणि पुढची दोन वर्षं रिकामा तास मिळाला की तिथेच बसल्या. मग आम्ही नोकऱ्या सोडल्या आणि जळगावात बसस्टँडच्या मागे दोन खोल्या घेतल्या. शाळा, ग्रंथालयं, दवाखाने यांच्याकडे नोंदींची जाडजूड रजिस्टरं असायची. त्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवायच्या, शोधायच्या, बदलायच्या, यासाठी आमचा स्वतःचा छोटा डेटाबेस लिहायचा, असा बेत होता. लिहायच्या अक्का. गावोगाव जाऊन दाखवायचं काम माझं.

अडचण जागेची होती. बहुतेक ठिकाणी हार्ड डिस्क नव्हती. आमचं सगळं एका फ्लॉपीवर बसायला हवं होतं, आणि ते बसत नव्हतं. म्हणून दोन फ्लॉप्या द्यायच्या ठरल्या. पहिली टाकली की काम सुरू. दुसरी बंद पाकिटात, ज्याला जास्तीच्या सोयी हव्या असतील त्याने ती फोडून जोडून घ्यायची. मग पहिलीवर काय ठेवायचं? यावर आम्ही जवळजवळ एक उन्हाळा भांडलो. अक्कांनी कॉलेजातून मोडीत निघालेला एक फळा आणला होता. त्याच्या मधोमध उभी रेघ मारली, आणि रोज सकाळी चहा झाला की एकेक सोय या बाजूची त्या बाजूला सरकायची. मला पहिलीवर छपाई हवी होती, संस्थेचं नाव ठळक अक्षरात वर येणारी, कारण विश्वस्तांना तेच दाखवावं लागायचं. रंगीत चौकटी हव्या होत्या. अक्कांनी छपाईला चार साधे नमुने ठेवले आणि बाकी सगळं रेघेपलीकडे लोटलं. त्या जागी त्यांनी काय आणलं, तर उच्चारावरून नाव शोधायची सोय. तेव्हा नावं इंग्रजी अक्षरांत टाकावी लागत आणि एकाच माणसाचं स्पेलिंग तीन कारकून तीन तऱ्हेने करत. आणि दुसरी गोष्ट, जिला त्या 'मागचं पान' म्हणायच्या. कोणी एखादी नोंद बदलली की जुनी नोंद पुसली जायची नाही, मागे राहायची. नावापुढे एक फुली दिसायची, आणि एक कळ दाबली की बदलण्यापूर्वीचं सगळं समोर यायचं.

मी म्हणालो, अक्का, हे कोणी मागितलेलं नाही. एकाही गिऱ्हाइकाने नाही.

"म्हणूनच ते पहिलीवर," त्या म्हणाल्या. "छपाई लागली तर ते आपल्याकडे मागतील. हे लागेल असं त्यांच्या मनातच येणार नाही. मग ते मागणार कुठून?"

दीड वर्षानंतर त्यांचं म्हणणं मला डोळ्यांनी दिसलं. आमच्या गिऱ्हाइकांकडे मी फेरी मारली, तर एकानेही दुसऱ्या फ्लॉपीचं पाकीट फोडलेलं नव्हतं. कपाटात, लोणच्याच्या बरणीशेजारी, एका ठिकाणी तर देवाच्या तसबिरीमागे... जसं दिलं तसंच. माणसं जे मिळतं ते वापरतात. त्यात काय निवडून दिलंय आणि कोणी, हे बघायला कोणाला वेळ असतो?

हे समजूनही मी पुढची गोष्ट केली.

धरणगावला एका न्यासाचा क्षयरोगाचा दवाखाना होता. दर मंगळवारी आसपासच्या खेड्यांतून माणसं औषध घ्यायला येत. कोणाला कितवा महिना चालू आहे, औषध कधी नेलं, हे सगळं आमच्या डेटाबेसमध्ये. तिथल्या सिस्टर कामाला चोख होत्या, पण त्यांची एक तक्रार होती. प्रत्येक नोंद साठवताना यंत्र पाच-सहा सेकंद थांबतं, आणि दाराबाहेर साठ माणसं खोकत उभी असतात. ते थांबणं मागच्या पानामुळे होतं. जुनी नोंद अख्खी उचलून दुसरीकडे ठेवायची म्हणजे फ्लॉपी फिरत राहायची. त्या दिवसांत अक्का सावद्याला होत्या, त्यांची आई पडून मांडीचं हाड मोडलं होतं. मी धरणगावला गेलो आणि मागचं पान बंद केलं. तशी सोय प्रोग्राममध्ये होतीच, एका ओळीतला एक शब्द बदलायचा. सिस्टर खूश झाल्या. मग मी तीच बंद केलेली प्रत आणखी तीन ठिकाणी दिली, त्यात नवी गिऱ्हाइकंही होती. अक्का आल्या की सांगू असं मनात होतं. त्या आल्या, आणि मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू... भांडायचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही.

त्या दवाखान्यात सुमन भिकन पाटील नावाच्या दोन बायका औषध घ्यायच्या. आपल्याकडे हे नवल नाही, एका गावात चार निघतील. एकीचा औषधाचा कोर्स पूर्ण झाला. तो नोंदवताना सिस्टरांकडून दुसरीची नोंद उघडली गेली आणि तिच्यावर सगळं लिहिलं गेलं. दुसरी सुमनबाई तेव्हा दुसऱ्या महिन्यात होती. पुढच्या वेळी ती आली तेव्हा नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. बदलीवर आलेल्यांनी पडद्यावर 'पूर्ण' वाचलं आणि तिला सांगितलं, बाई, तुमचं औषध संपलं. ती आनंदाने घरी गेली. दुसऱ्या महिन्यातली बाई एका मंगळवारात शेवटच्या महिन्यात कशी पोचली हे फुली दाबून कोणीही पाहिलं असतं. पण फुली नव्हती. आणि कागदी कार्डं मीच बंद करायला लावली होती, आता त्यांची गरज काय म्हणून.

सहा-सात महिन्यांनी सुमनबाई खोकल्यातून रक्त पडतं म्हणून परत आली. न्यासाचं पत्र आमच्याकडे आलं. अक्का आणि मी धरणगावला गेलो. वाटेत त्या खिडकीबाहेर बघत होत्या, मी बोलायला तोंड उघडत होतो आणि मिटत होतो. दवाखान्यात त्या यंत्रासमोर बसल्या, सुमनबाईची नोंद काढली, फुली शोधली. मग ती ओळ उघडून पाहिली. सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"बंद कोणी केलं?" अक्कांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो. "आणखी तीन ठिकाणीही."

त्या यंत्र बंद करून उठल्या. विश्वस्तांसमोर त्यांनी सांगितलं की चूक प्रोग्रामची आहे, सिस्टरांची नाही, आणि तसं सहीनिशी लिहून दिलं. माझं नाव त्यात नव्हतं. न्यासाने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा कार्डं सुरू केली, आणि अक्का त्यांना म्हणाल्या की तुमचं बरोबर आहे. पुढचे तीन आठवडे त्या रोज सकाळच्या गाडीने धरणगावला जात होत्या. औषध वाटपाच्या वहीवरून एकेका रोग्याचं कार्ड त्यांनी हाताने लिहून काढलं, चारशेच्या वर. मी पहिल्या दिवशी बरोबर निघालो तर म्हणाल्या, "तू त्या तीन ठिकाणी जा. आधी ते चालू कर." मी गेलो. तिन्ही ठिकाणी काही बिघडलेलं निघालं नाही. बिघडलं असतं तरी मला कळलं असतं कसं, हे परतीच्या वाटेवर लक्षात आलं.

सुमनबाई वाचली. पण आता तिला इंजेक्शनं घ्यावी लागली, रोज, कित्येक आठवडे, आणि त्या इंजेक्शनांनी तिचे कान गेले. मी अक्कांबरोबर एकदाच तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. अक्कांनी प्रकृतीचं विचारलं तर हसून म्हणाली, "जोरमा बोल ताई, माले ऐकू येत नही. ह्या कानमा बठ्ठी शिट्टीच शे." कानात सगळी नुसती शिट्टीच वाजत होती तिच्या. आमच्याबद्दल तिच्या मनात राग नव्हता. आम्ही कोण हेच तिला नीटसं माहीत नव्हतं. दवाखान्याची माणसं आहेत, भली आहेत, एवढंच. अक्का तिला जोरात, सावकाश, सगळं सांगायला लागल्या, की चूक आमच्याकडून झाली. तिला अर्धंही ऐकू गेलं नसावं. तिने आम्हाला मूठ मूठ शेंगा दिल्या. मी त्यानंतर तिकडे फिरकलो नाही. अक्का दर दोन-तीन महिन्यांनी जात राहिल्या, हे मला त्यांच्या पिशवीत येणाऱ्या शेंगांवरून, मिरच्यांवरून कळायचं.

त्या पावसाळ्यात त्यांनी मागचं पान नव्याने लिहिलं. अख्खी नोंद उचलायच्या ऐवजी जेवढा रकाना बदलला तेवढाच मागे ठेवायचा. सहा सेकंदांचा एक सेकंद झाला. आणि बंद करायची सोय त्यांनी काढून टाकली. म्हणजे मी तेव्हा एका शब्दात जे केलं, ते न करता अक्कांना सांगून चार महिने थांबलो असतो तर... हा हिशेब मी किती वेळा केला असेल, आता करवत नाही. आमचा धंदा नंतर सहा वर्षं चालला. पुढे मोठ्या शहरांतून चकचकीत पॅकेजं यायला लागली, ज्यांच्यात सगळंच असायचं, आणि त्यातलं काय चालू काय बंद हे गिऱ्हाइकाने बघायचं असायचं. आम्ही खोल्या सोडल्या. मी धुळ्याला आलो, अक्का सावद्याला भावाच्या घरी गेल्या आणि मुलींना गणित शिकवू लागल्या.

शेवटचा भेटलो तो यंदाच्या उन्हाळ्यात. त्यांना धाप लागायची, एक वाक्य दोनदा थांबून पूर्ण व्हायचं. कसं कोण जाणे, मी विषय काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणालो, अक्का, त्या धरणगावच्या गोष्टीबद्दल मी तुमची माफी कधी मागितली नाही. त्या पाठीमागची उशी सारखी करत राहिल्या. मला वाटलं ऐकलं नाही.

"तू बंद केलंस," त्या म्हणाल्या. मग श्वास घेऊन, "पण बंद करता येईल असं मीच ठेवलं होतं ना... तुझ्याशी भांडण नको म्हणून ठेवलं होतं. एक उन्हाळा भांडून मी दमले होते रे."

मला वाटत होतं ते ओझं माझं एकट्याचं आहे. त्याचा अर्धा भाग त्या इतकी वर्षं सावद्यात वाहत होत्या, आणि आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलंच नव्हतं. मी उठलो तेव्हा त्यांनी जेवून जा म्हटलं. मी बसचं कारण सांगितलं.

गेल्या आठवड्यात शिंदखेडा तालुक्यातल्या एका शाळेतून ग्रंथपालांचा फोन आला. दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडणार असं रोज पेपरात येतंय, तुमच्या त्या जुन्या प्रोग्रामचं काय होईल, असं विचारत होते. तो अजून कोणी वापरतं हेच मला माहीत नव्हतं. मी गेलो. यंत्र जुनंच, पडदा हिरवा. एका पुस्तकाच्या परतीची तारीख पुढल्या जानेवारीची टाकली. त्याने मुकाट्याने घेतली. मग आत शिरून पाहिलं, तर वर्षाचे चारही आकडे साठवलेले होते, पहिल्या दिवसापासून. जागेसाठी आम्ही अक्षरन्‌अक्षर वाचवत होतो, तेव्हा सगळे दोन आकडे ठेवायचे. अक्कांनी चार कधी ठरवले, मला आठवत नाही. त्या फळ्यावर हे कधी आलंच नाही. त्यावर चर्चा करायची असते असं त्यांना वाटलं नसावं.

ग्रंथपालांनी आमची सायक्लोस्टाइल केलेली पुस्तिका जपून ठेवली होती. तिच्या शेवटच्या पानावर अक्कांच्या अक्षरात एक ओळ आहे: काही तपासून पाहिलंत, तर चाललं की नाही ते एका कार्डाने कळवा. खाली त्यांच्या सावद्याच्या घरचा पत्ता. ग्रंथपालांनी टेबलाच्या खणातून कोरं पोस्टकार्ड काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

"बाईंना मी कळवू, का तुम्ही सांगाल?" त्यांनी विचारलं.

माझ्यात सगळं सांगायचं त्राण नव्हतं. मी म्हणालो, तुम्हीच लिहा. चाललं म्हणून लिहा.