डावा पाय

शांतारामकाका कुणाच्याही मोटरसायकलवर मागे बसले, की सिग्नल येताच चालवणाऱ्याच्या आधी त्यांचा डावा पाय ब्रेक दाबायचा. हवेतच. त्यांच्या तरुणपणीच्या गाडीला ब्रेक डाव्या पायात होता आणि गियर उजव्या. मुलीच्या लग्नात ती गाडी विकून कितीतरी वर्षं झाली, पण पाय ऐकत नव्हता. मी चिडवलं की म्हणायचे, "डोक्याचो भरवसो नाय रे बाबू. पाय कधी इसरणा नाय." जन्मभर छापखान्यात पायाने ट्रेडल मशीन चालवलेला माणूस तो. पायाचा अभिमान असायचाच.

लालबागच्या आमच्या चाळीत ते माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. काकूंची एकच हौस उरली होती. पूर्वी त्या दर रविवारी काकांच्या मागे बसून शीवला बहिणीकडे जायच्या, तसं पुन्हा एकदा जायचं होतं. मी अतिशहाणा. मीच मोबाइलवर त्यांना नव्या गाडीचा फोटो दाखवला. गोल दिवा, फुगीर टाकी, सगळं जुन्यासारखं. काकूंनी चष्मा लावून बघितलं आणि ओरडल्याच, "अवो, ही तर आपलीच!"

दादरच्या शोरूममधली मुलगी म्हणाली, "रेट्रो लूक आहे काका. दिसायला जुनी, आतून नवी."

काका गाडीभोवती फिरून आले. "किक खंय आसा?"

"किक नाही, बटण आहे."

बटणावर गाडी सुरू झाली तसा त्यांचा चेहरा उतरला. मग तिने सांगितलं, ब्रेक आता उजव्या पायात, गियर डाव्या. "पाय बदलूया, त्यात काय!" काका मला म्हणाले. मी तेव्हाच त्यांना हाताला धरून बाहेर आणायला हवं होतं. मी फोटो काढत बसलो.

गाडी बुक झाली आणि ती घरी येईपर्यंत सराव चालला. काका गॅलरीत स्टुलावर बसायचे, दोन्ही पायांखाली एकेक उपडी वाटी. उजवी ब्रेकची, डावी गियरची. काकू आतून भाकरी थापता थापता ओरडायच्या, "ब्रेक!" आणि काका उजवी वाटी दाबायचे. अख्खा मजला हसायचा. मीही हसायचो. वाटीवर त्यांचा पाय एकदाही चुकला नाही.

रविवारी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि दोघं शीवला निघाली. मी स्कूटरवर त्यांच्या मागे होतो. काकूंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला होता, नव्या नवरीसारखा. वाटेत हिंदमाता चौकात पुढची टॅक्सी अचानक थांबली. मी मागून बघितलं, काकांचा डावा पाय खाली गेला. त्यांनी तो जीव खाऊन दाबून धरला होता. गाडीने आचका दिला, पण थांबली नाही. टॅक्सीवर आदळली आणि काकू रस्त्यावर फेकल्या गेल्या. काकांना खरचटलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी काकू गेल्या.

त्यानंतर काकांनी गाडी कधी सुरू केली नाही. रोज सकाळी खाली उतरून फक्त मागची सीट पुसायचे. एकदा मी म्हटलं, "काका, विकून टाका ना." ते माझ्याकडे न बघताच बोलले, "तिची बसूची जागा आसा ती." ते पायाचं वाक्य मात्र मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. काकांना कुणी बोल लावला नाही, मलाही नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

वर्षभरात त्यांनी अंथरूण धरलं. शेवटच्या दुपारी हॉस्पिटलात मी त्यांच्या पायथ्याशी बसलो होतो. चादरीखाली काहीतरी हलत होतं. डावा पाय पलंगाच्या दांडीवर टेकवून ते दाबत होते, सारखे दाबत होते.

"काका, पाय दुखतोय का?"

"ब्रेक लागणा नाय रे, बाबू."

मी घाबरून म्हणालो, "लागला काका, लागला."

त्यांनी पाय काढला नाही.