हेमंतची दाढी

हेमंत गेल्याचं स्वातीने फोनवर सांगितलं तेव्हा मी कामावर निघालो होतो. फ्रीवेला लागायच्या आधीच गाडी कडेला घेतली आणि नुसता बसून राहिलो. बातमी अचानक आलेली नव्हती. त्याच्या फुप्फुसांनी साथ सोडायला घेतली त्याला बराच काळ झाला होता आणि आम्ही सगळेच तयारीत होतो... म्हणजे तसं समजत होतो. आता दीडेक महिना झाला. पण हेमंत म्हटलं की मला तो फोन आठवत नाही. त्याच्या काही आठवडे आधीचा आठवतो, तोही स्वातीचाच. भर दुपारी ती हॉस्पिटलमधून बोलत होती आणि आवाज ओळखू येत नव्हता. "नितीन, लगेच ये. येताना रेझर घेऊन ये, फोमपण. याची दाढी काढायचीय आणि हा काढू देत नाहीये."

त्या दाढीबद्दल आधी सांगायला हवं. आम्ही दोघं एकाच वर्षी मेलबर्नला शिकायला आलो आणि फुटस्क्रेमध्ये एकाच घरात राहिलो. चार मुलगे, एक बाथरूम, आणि सकाळी ती अडवून बसलेला हेमंत. आम्हा बाकीच्यांची दाढी करायची तयारी फक्त इंटरव्ह्यूच्या दिवशी असायची. त्याला रोज लागायची, ताप असो की रविवार. त्याचे वडील, नाना, वाईला रोज चहाच्या आधी दाढी करत. मिसरूड फुटल्यावर त्यांनीच त्याला शिकवलं होतं, गालाची कातडी दोन बोटांनी कशी ताणायची, हनुवटीखाली पातं कुठल्या बाजूने फिरवायचं. "माणूस कसा धुतलेला दिसला पाहिजे," असं नानांच्या आवाजात म्हणत तो बाहेर यायचा आणि आम्ही टॉवेल फेकून मारायचो. पुढे नोकऱ्या लागल्या, इथे कायम राहायचा पीआर मिळाला. स्वाती आली, पॉइंट कुकला घर झालं, रेवा झाली. मी ट्रुगानिनाला राहायला गेलो. हेमंतचे गाल तसेच गुळगुळीत राहिले.

नाना गेले ते सगळ्या सीमा बंद होत्या त्या काळात. इथून बाहेर पडायला परवानगी लागे, पडलं तर परत यायची खात्री नसे. मला तर त्याच्या घरीही जाता येत नव्हतं. त्या दिवशीचं जे मला माहीत आहे ते स्वातीने नंतर सांगितलेलं. हेमंत डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. पलीकडे वाईला त्याची धाकटी बहीण वैशाली. ती तिथल्या शाळेत शिकवते, नानांबरोबर तीच राहायची. अग्नी कोणी द्यायचा हा प्रश्न आला. हेमंत म्हणाला, थांब, पुण्याच्या चुलतभावाला बोलावू. चुलतभावाला पास मिळत नव्हता. "दादा, नानांना असं किती वेळ ठेवू? मी देते," वैशाली म्हणाली. "तू नाही द्यायचास. मी सांगतोय ना, थांब!" तो ओरडला. ती थांबली नाही. हेमंतने लॅपटॉप मिटला. बापाचं शेवटचं त्याने ना तिथे पाहिलं, ना इथे.

दुसऱ्या दिवसापासून त्याने दाढी करणं बंद केलं. आपल्याकडे बाप गेला की मुलगा डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवतो. हेमंतचं उलटं झालं. "मी नानांचं काही केलंच नाही, तर उतरवू कशाला? वाईला जाईन, घाटावर बसून माझ्या हाताने सगळं करीन, तेव्हा काढीन." त्या वेळी आम्हाला ते पटलंही होतं. दाढी वाढत गेली, दाट आणि काळी, मध्ये दोन पांढऱ्या रेघा. कामावरचे लोक "नाइस बिअर्ड, मेट" म्हणायचे. वेरिबीच्या किराणा दुकानात त्याला "पाजी" म्हणायला लागले. मंडळाच्या कार्यक्रमात एकदा कोणीतरी हौसेने म्हणालं, यंदा महाराजांचं काम तूच कर, नकली दाढी लावायला नको. सगळे हसले. हेमंत ताट खाली ठेवून बाहेर गेला. रेवा लहान होती, तिला बाबा दाढीवालाच आठवायचा.

मग सीमा उघडल्या, विमानं सुरू झाली. हेमंतने तिकीट काढलं आणि रद्द केलं. कधी प्रोजेक्ट, कधी रेवाची शाळा. वैशालीशी बोलणं दिवाळीपुरतं उरलं, "बरी आहेस ना?" आणि "हो" एवढंच. एकदा शनिवारी आम्ही खाडीच्या बाजूने चालत होतो आणि मी विचारलं, "खरं सांग, ही नानांसाठी ठेवलीयस की वैशालीवरच्या रागासाठी?" तो थांबला. मला वाटलं चिडला. पण तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता आणि त्याला दम लागला होता, साध्या सपाट रस्त्यावर. "चालू या... एक मिनिट," तो म्हणाला. त्या दिवसापासून डॉक्टर सुरू झाले. फुप्फुसं घट्ट होत चालली होती, त्यातून परतीचा रस्ता नव्हता, आणि विमानप्रवासाचं तर नावच काढायचं नाही असं त्याला सांगण्यात आलं. आता वाई खरोखरच लांब झाली.

मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा स्वाती कॉरिडॉरमध्येच होती. हेमंतला संसर्ग झाला होता. नाक-तोंड झाकणारा मास्क लावून यंत्राने हवा आत ढकलायची होती, पण दाढीमुळे मास्क चेहऱ्याला बसत नव्हता आणि कडेने हवा फसफसत बाहेर जात होती. सध्या नाकातल्या नळ्यांवर भागवत होते. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, मास्क बसला नाही तर घशात नळी घालावी लागेल, आणि या फुप्फुसांना त्यातून बाहेर काढता येईल असं मी सांगू शकत नाही. खिडकीशी रेवा शाळेच्या युनिफॉर्ममध्येच उभी होती आणि मॉनिटरवरच्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघत होती. आकडा खाली येत होता.

"हेम्या, काढू दे," मी म्हणालो. त्याने मान हलवली. "परत वाढेल रे." परत मान हलली. "इथे... नाही," तो कसाबसा बोलला. स्वाती पलंगाच्या कठड्याला धरून ओरडलीच, "मग कुठे? कुठे जाणारेस तू आता?" रेवा रडायला लागली. नर्सने आत डोकावून पाहिलं. मग स्वातीने फोन उचलला आणि वाईला लावला. तिथे सकाळ होती, वैशाली शाळेत जायला निघाली होती. स्वातीने दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि फोन हेमंतच्या समोर धरला.

"दादा." त्याने तोंड फिरवलं. "दादा, इकडे बघ. नानांचं काहीही राहिलेलं नाही. अग्नी मी दिला, दहावं मी केलं, अस्थी मी सोडल्या. घाटावर कावळा शिवत नव्हता. भटजी म्हणाले, मुलाच्या हातचं हवं असेल. मी हात जोडले आणि म्हटलं, नाना, दादाची काळजी करू नका, त्याच्याकडे मी बघेन. तेव्हा शिवला. मी नानांना शब्द दिलाय. मला खोटं पाडू नकोस. काढ ती दाढी."

हेमंतचे डोळे भरून आले होते. "रागावली... नाहीस?" "रागावलेय की! चार वर्षं रागावलेय. बरा हो, मग भांडू. तुला येता येत नाही ना? मी येते."

हेमंतने माझ्याकडे पाहिलं आणि हनुवटी वर केली.

ऑक्सिजन चालू असल्यामुळे इलेक्ट्रिक ट्रिमर नको, असं नर्सने बजावलं. तिच्याच कात्रीने मी आधी दाढी कापली. केस टॉवेलवर पडत होते, नाकातल्या नळ्या सांभाळायच्या होत्या. आकडा आणखी खाली गेला तेव्हा नर्स "कीप गोइंग" एवढंच म्हणाली. फोम लावला, रेझर टेकवला, आणि पातं कातडीत अडकायला लागलं. तेव्हा हेमंतने हळूच हात वर आणला आणि दोन बोटांनी आपला गाल ताणून धरला. डोळे मिटलेले होते. एक गाल झाला, त्याने दुसरा ताणला. शेवटी नर्सने मास्क बसवला, पट्टे आवळले, आणि ती फसफस बंद झाली. आकडा बराच वेळ तिथेच राहिला... आणि मग वर सरकला. रेवा जवळ आली, बापाकडे वाकून बघत राहिली आणि स्वतःच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "मम, दॅट्स माय चिन."

तो घरी आला, ऑक्सिजनसकट. वैशालीचा व्हिसा झाला आणि मी तिला एअरपोर्टवरून घेऊन आलो. दारातून आत येऊन तिने त्याच्या दोन्ही गालांवर हात ठेवले आणि "धुतलेला दिसतोस" म्हणाली. मग ते खरोखरच भांडले. नानांना कोणाचा स्वयंपाक आवडायचा इथपासून लॅपटॉप का मिटलास इथपर्यंत. मागच्या अंगणाच्या काचेच्या दाराशी एक वेताची खुर्ची होती, सकाळच्या उन्हात त्याला तिथे बसवून वैशाली त्याची दाढी करायची आणि तो सारखा "दुखतंय, हळू" म्हणून तिला छळायचा. एकदा मी तिथे असताना त्याने रेवाला हाक मारली. बोलायला त्याला फार वेळ लागायचा. "माझं सगळं तू करायचं. आत्याला विचार... तिला येतं." वैशालीने रेझर धुवायला म्हणून पाण्यात बुडवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

रेवानेच सगळं केलं. आत्या तिच्या शेजारी उभी होती, पण हात धरावा लागला नाही.

वैशाली गेल्या आठवड्यात परत गेली. परवा मी पॉइंट कुकला गेलो तेव्हा ती वेताची खुर्ची दाराशीच होती. मी सवयीने सोफ्याकडे वळलो, त्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही असं आमच्यात न बोलता ठरल्यासारखं झालं होतं. स्वाती चहा ठेवायला आत गेली. तेवढ्यात रेवा खोलीतून बाहेर आली आणि सरळ जाऊन त्या खुर्चीत बसली. पाय वर घेतले, मांडीवर लॅपटॉप उघडला. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"व्हॉट? इथे ऊन मस्त येतं, काका," ती म्हणाली आणि डोळे बारीक करून टाइप करायला लागली.