हललेला फोटो

त्याचं खरं नाव खाली पत्रपेटीवर लिहिलेलं आहे, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. अख्ख्या इमारतीत तो ‘हलूनका’. इस्पितळात एक्स-रे काढतो. सव्वीस वर्षं झाली, तळघरातल्या त्या गार खोलीत, जाड काचेच्या आडून, एकच पाढा: “हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या. रोखा. हलू नका... सोडा.” हे इतकं अंगवळणी पडलंय की लिफ्टमध्ये शेजारी कुणी उभं राहिलं, तर तो नजरेने त्याच्या फासळ्या मोजतो, असं दोन नंबरच्या काकू सांगतात. काकूंच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण हे त्या निम्म्यातलं नव्हे.

आठवडाभर माणसांच्या आत डोकावणारा हा गडी शनिवार-रविवारी मात्र माणसाचं तोंड पाहायला तयार नसे. पहाटे ट्रायपॉडचे पाय जिन्याच्या कठड्याला आपटत खाली जात, आणि तीन मजल्यांना कळे की सूर्य उगवायला निघाला. मागोमाग त्याची बायको, आमच्या वहिनी. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात बॅटरी, काखेत घडीचं स्टूल. स्टूल बसायला नव्हतं हो. कॅमेऱ्याच्या पिशवीला वाळू लागू नये म्हणून होतं.

पाऊण तास बस, मग किनाऱ्यावरून खडकांपर्यंत चाल. सकाळी उगवतीचा, संध्याकाळी मावळतीचा. मधल्या वेळात बाकावर डुलकी आणि सोबत नेलेली बिस्किटं. त्याची फोटो काढायची एक खास रीत होती. भिंगावर काळी काच चढवायची आणि शटर चांगलं मिनिटभर उघडं ठेवायचं. मिनिटभरात लाटा एकमेकींत विरघळून धूर होतात, ढग बोटाने पसरल्यासारखे येतात. आणि खरी गंमत अशी, की जे जे हलतं ते फोटोत उरतच नाही. धावणारे, कुत्री फिरवणारे, हातात हात घालून चालणारी जोडपी, सगळे साफ. राहतात फक्त खडक.

“बघ, कसा झाडून काढला किनारा!” तो खुशीत येऊन म्हणे.

“घरी कधी केर काढलात का तसा?” वहिनी थर्मासचं झाकण उघडत म्हणत.

“अगं, मध्ये येतेयस.”

“येऊ द्या की. तुमच्या त्या काचेतून मी थोडीच उरणार आहे?”

“चालत राहा मग. थांबलीस की आलीस फोटोत.”

त्या चालत राहत. शिंपले वेचत, हात चोळत, इकडून तिकडे. बावीस वर्षं. काकूंनी एकदा जिन्यात खोचून विचारलं होतं, “वहिनी, तुमचा एखादा तरी फोटो काढला का हो भाऊजींनी?” वहिनी म्हणाल्या, “मी काय सूर्य आहे? माझं उगवणं-मावळणं स्वयंपाकघरातच.” दोघी खो खो हसल्या. हलूनका मागेच उभा होता, तोही हसला. आता त्याला ते हसणं आठवतं.

एका मंगळवारी भांडी विसळता विसळता वहिनी गेल्या. नळ चालूच राहिला. पाणी वाया चाललंय म्हणून काकू चार शब्द ऐकवायला दार वाजवत आल्या, आणि दार उघडेना. हलूनका तेव्हा तळघरात होता. कुणाला तरी ‘रोखा’ म्हणाला होता. घरचा निरोप घेऊन नर्स आत आली, आणि म्हणे समोरचा माणूस बिचारा बराच वेळ श्वास धरून तसाच उभा.

लेक परगावाहून आली. गुरुवारी, रडून झाल्यावर, ती म्हणाली, “बाबा, आईचा एक फोटो काढून ठेव. रविवारी माणसं येतील, भिंतीवर लावायला हवा. आणि एक मी माझ्याकडे नेणार.”

“फोटोला काय तोटा आपल्याकडे!” तो म्हणाला. मंगळवारपासून त्याचा आवाज एवढा खणखणीत निघाला नव्हता. कॉम्प्युटर लावला. चार हजारांवर सूर्य. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसा तो एकेक किनारा पालथा घालत सुटला. एका फोटोत खडकावर थर्मास. एकात ओल्या वाळूत पावलांची रांग, रांगेच्या टोकाला कुणी नाही. एकात पाण्याच्या कडेला पिवळट धूर, वीतभर.

“हे काय आहे?” लेकीने विचारलं.

“आई असेल. पिवळा स्वेटर होता ना तिचा.”

“असेल?”

त्याने पुढचा फोटो उघडला.

लग्नातला होता एक, पण त्यात वहिनी एकवीस वर्षांच्या, येणाऱ्यांना वाटायचं भलतीच कुणी गेली. ओळखपत्रावरचा होता, तो सगळ्यांचा असतो तसाच, चोर पकडल्यासारखा. लेकीच्या मोबाइलमध्ये आई होती, पण प्रत्येक वेळी तोंडासमोर तळहात धरलेली. “माझा काय काढतेस, बाबांना दे फोन.” तळहात मात्र अगदी स्पष्ट. त्यावरच्या रेषासुद्धा मोजून घ्याव्यात.

शुक्रवार गेला. हलूनकाने जेवण टाकलं. ज्या माणसाने जन्मभर दुसरं काही केलं नाही, फोटोच काढले, त्याच्या घरात बायकोचा फोटो नाही, हे रविवारी पन्नास माणसांना दिसणार होतं. पण लोकांचं त्याला एवढं नव्हतं. रात्रभरात त्याच्या लक्षात आलं होतं की डोळे मिटले तर वहिनींचा तळहात दिसतो, थर्मास दिसतो, पण चेहरा आणायला जोर लावावा लागतो. तो आत्ताच विरायला लागला होता.

शनिवारी सकाळी लेक कॉम्प्युटरपाशी बसली. “बाबा, ‘बिघडलेले’ म्हणून हे काय ठेवलंयस?”

“ते टाकाऊ. त्यात काही नाही.”

होतं. सदतिसावा फोटो. मधोमध खडक, मागे उगवता सूर्य, आणि खडकावर बसलेली एक काळी आकृती. वाऱ्याकडे पाठ करून, तोंड कॅमेऱ्याकडे.

हलूनकाला ती सकाळ लगेच आठवली. गेल्या थंडीतली. बसथांब्यापासून येताना वहिनी दोनदा थांबल्या होत्या. “वाळू जड झालीय आज,” म्हणाल्या. तो म्हणाला, “वाळू तेवढीच आहे, तू जड झालीस.” खडकापाशी येऊन त्या टेकल्याच.

“ऊठ ना! बरोबर मध्ये बसलीस.”

“अहो, मिनिटभर. एकच मिनिट बसू द्या.”

“मिनिटाचाच तर फोटो आहे!”

सूर्य थांबतोय होय कुणासाठी. उठेल, चालेल, जाईल पुसून, असं म्हणून त्याने शटर उघडलं. त्या उठल्या नाहीत. शटर बंद झाल्यावर तो म्हणाला, “बावीस वर्षांत एकदा स्थिर बसलीस, तीही नको तिथे.” यावर वहिनी हसल्या होत्या. स्टूल बाजूलाच होतं. त्यावर पिशवी होती.

“सावली उचलून बघू,” तो लेकीला म्हणाला. कॉम्प्युटरवर अंधारातलं उजेडात आणता येतं, थोडं थोडं. त्याने पडद्यावरची उजेडाची खूण सरकवली. काळ्यातून आधी स्वेटरचा पिवळा आला. मग गुडघ्यावर ठेवलेला हात. या वेळी तोंडासमोर नव्हता. मग हनुवटी, गाल, कपाळावर चिकटलेली बट. दाणेदार, पण वहिनीच. नवऱ्याकडे बघत होत्या, आता पुरे, घरी चला, अशा नजरेने.

“आई,” लेक म्हणाली, आणि पडद्याला बोट लावलं.

हलूनका चेहऱ्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर गेली होती सव्वीस वर्षांच्या सवयीने जाते तिथे. खडक ठळक, हात ठळक, गुडघे ठळक. छाती तेवढी पुसट. स्वेटरच्या दोन्ही बाजूंना धुरकट कडा.

“काय झालं?”

“हललीय.”

“चालेल की. एवढं कोण बघतंय?”

“तसं नाही गं. आमच्याकडे अशी फिल्म आली की कळतं, पेशंटने श्वास रोखला नाही. मिनिटभरात माणूस पंधरा-सोळा श्वास घेतो. पण आरामात बसलेल्याची छाती एवढी हलत नाही.” त्याने दोन बोटांनी पुसट पट्टा मोजला, जसा तो रोज काही ना काही मोजतो. “हिला धाप लागली होती. केवढी धाप लागली होती बघ. मी दहा पावलांवर होतो.”

लेकीने तो पट्टा आपल्या बोटांनी मोजून पाहिला. मग म्हणाली, “तू फोटो काढत होतास.” यात राग होता की समजूत, हे त्याला ओळखता आलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

दुपारी फ्रेमवाल्याने फोटो उजेडात धरून तोंड वाकडं केलं. “साहेब, हललाय हो हा. दुसरा नाही?”

“नाही.”

“मग छातीपाशी जरा ठळक करून देतो. दोन मिनिटांचं काम.”

“तिथे हात लावायचा नाही!” हलूनका असा ओरडला की दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मग हळूच म्हणाला, “बाकी काय करायचं ते करा. तेवढं राहू दे.”

रविवारी माणसं आली. फोटोसमोर उभी राहिली, डोळे पुसले, चहा प्यायली. काकू सगळ्यांत जवळ गेल्या, चष्मा वर करून पाहिलं. आता काकूच त्या, गप्प कशा राहतील?

“चेहरा अगदी हुबेहूब आलाय. पण भाऊजी, छातीपाशी असं पुसट कशाने झालं?”

“श्वास घेत होती, काकू.”

काकूंनी चष्मा खाली केला. मग त्या चहाचे रिकामे कप गोळा करायला लागल्या.

लेक आपली प्रत घेऊन परत गेली. ट्रायपॉड दाराआड उभा आहे. शनिवारी कठड्याला काही आपटत नाही, तीन मजले उशिरापर्यंत झोपतात. हलूनका कामावर जातो. पण तिथली एक बातमी फिरत फिरत जिन्यापर्यंत आलीच. वरून डॉक्टरांचा तळघरात फोन येतो म्हणे, दिवसातून दोनदा-तीनदा: “ही पण हललेली आहे, काय चाललंय काय?” मग तो बाहेर जातो आणि माणसाला परत आत बोलावतो.

“परत? मी हललो का हो?” माणूस ओशाळून विचारतो.

“नाही, नाही,” हलूनका म्हणतो. “श्वास रोखायला मीच सांगितलं नाही.”