सातव्या पुस्तकातली पेन्सिल

आमच्या गल्लीत एक कंपौंडर राहतात. चाळीस वर्षं एकाच डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधं कालवली, पुड्या बांधल्या, बाटल्यांना कागदाच्या खुणा चिकटवल्या. डॉक्टर गेले, दवाखाना मिटला, कंपौंडर घरी बसले. अजूनही कुणी शिंकलं तरी सांगतात, "दहा थेंब, कोमट पाण्यातून." म्हणून अख्खी गल्ली त्यांना दहाथेंब म्हणते. त्यांना ते ठाऊक आहे. एकदा एका पोराने तोंडावर हाक मारली, तर हे शांतपणे म्हणाले, "तुला पंधरा लागतील."

मी बाइंडर. शाळा गावातली, तीही चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण पुस्तकं शिवता शिवता झालं, म्हणजे पुस्तकाचा मधला भाग मला कायम जास्त पाठ, कारण दोरा तिथून जातो. आता दुकान लेकाकडे आहे. मी घरच्या पडवीत पुस्तकं दाबायचा एक शिकंजा आणि एक हातकटिंगचं मशीन ठेवून आहे, हाताला सवय राहावी म्हणून.

थंडी पडली की माझी दुपार ठरलेली. अंगावर शाल, डोक्याला लोकरी टोपी, आणि पाय कंपौंडरांच्या घराकडे. काय घर हो ते! एका भिंतीवर निळ्या-तपकिरी काचेच्या औषधाच्या जुन्या बाटल्या, उन्हात अशा चमकतात की बघत राहावं. एका फळीवर तागड्या आणि तांदळाएवढी पितळी वजनं. कोपऱ्यात लाकडी पेटीचा रेडिओ, तो लागतो पण बोलत नाही, नुसता घसा खाकरतो. आणि घड्याळं! चावीची सात घड्याळं, सातही चालू, आणि एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही. कुठल्याही घड्याळात चार वाजले की कंपौंडर चहा टाकायचे. एका दुपारी आम्ही पाच कप प्यायलो. घरी आल्यावर आमच्या हिने विचारलं, "जेवणार का?" मी म्हटलं, "त्यांच्या कुठल्या घड्याळाप्रमाणे?"

शेगडी मधे, कंपौंडर एका खुर्चीत, मी दुसऱ्या. तिसरी खुर्ची खिडकीशी, तिच्यावर कुणी बसत नसे. ती बाईंची. कंपौंडरांची बायको शाळेत शिकवायच्या, सगळे त्यांना बाईच म्हणत. जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. त्यांच्या खुर्चीशेजारी एक बुटकं कपाट, त्यात सात पुस्तकं. बाई जुन्या बाजारातून पुस्तकं आणायच्या, हे मला माहीत होतं. बाकी वाचून झालेली त्या शाळेला देऊन टाकत. ही सात तेवढी उरलेली.

कंपौंडर दर थंडीत त्यातलं एक काढत. एकच. आणि तेही असं वाचत की मला हसू यायचं. बोट ओळीवर नाही, पानाच्या कडेवर. एक पान अर्धा तास. मी म्हणायचो, "अहो, एवढ्या वेळात मी आख्खं शिवून दिलं असतं!" ते नुसते हसायचे.

पण ती पुस्तकं पाहून माझा जीव खालवर व्हायचा. पाठी उकललेल्या, घडीच्या पानांचे फर्मे लोंबतायत, पुठ्ठ्याचे कोपरे उंदराने कुरतडल्यासारखे. शिंप्याला फाटका सदरा दिसला की जे होतं ते. तीनदा म्हटलं, "द्या इकडे, बांधून देतो." तीनदा उत्तर एकच, "असू द्या हो, चाललंय." मला वाटलं, भिडेपोटी म्हणतायत.

दोन वर्षांमागच्या थंडीत ते पंधरा दिवस लेकीकडे गेले. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "घड्याळांना तेवढी चावी द्या. जास्त पिळू नका, तिसऱ्याचा स्वभाव नाजूक आहे."

मी पहिल्या दिवशी चावी दिली आणि सातही पुस्तकं पिशवीत घालून घरी आणली.

काय सांगू, किती खूश होतो मी! असं काम कित्येक वर्षांत केलं नव्हतं. फर्मे सुटे केले, जुनी खळ खरवडली, नव्या दोऱ्याने शिवले, पाठीला कापड लावलं, शिकंज्यात दाबले. आणि मग बाइंडर शेवटी जे करतो तेच केलं. तिन्ही बाजूंनी कापणी. कडा काळवंडलेल्या, दुमडलेल्या. बोटभर कागद गेला की पुस्तक कसं कालच छापल्यासारखं दिसतं. कडेला पेन्सिलीची गिचमीड होती, ती मला दिसली. न दिसायला काय झालं? पण जुन्या बाजारातली पुस्तकं म्हणजे कोणाकोणाच्या हातून गेलेली, कुणीतरी आगाऊ माणसाने गिरवून ठेवलंय, असंच डोक्यात बसलं. वर मनात म्हटलं, बरं झालं, कापणीत ही घाणही निघून जाईल. कात्रणं त्याच दिवशी आमच्या बंबात गेली.

सातवं पुस्तक, एका दीपगृहाच्या रखवालदाराची कादंबरी, जरा निराळं निघालं. त्यात पेन्सिल कडेला नव्हती, सगळीकडे होती. ओळींच्या मधे, शिवणीजवळ, पानाच्या तळाला, तिरकीतारकी, फिकी. तिथे पातं पोचेना. मग मी खोडरबर घेतलं. दोन दुपारी बसून पान न् पान पुसलं. आमची ही म्हणाली, "हात मोडून घ्याल. ठेवा आता." मी म्हटलं, "थांब गं, कंपौंडर बघत राहतील बघ."

बघत राहिले खरे.

ते आले त्या दुपारी मी आधीच शेगडी पेटवून बसलो होतो. सातही पुस्तकं टेबलावर, गडद लाल कापडात, एका उंचीची. लग्नाच्या पंगतीत वाढपी उभा राहतो तसा मी बाजूला उभा. कंपौंडरांनी गळपट्टासुद्धा सोडला नाही. त्यातलं सहावं उचललं. त्या थंडीत तेच चाललं होतं. उघडलं, पान उलटलं, आणखी एक उलटलं.

"शिवण पक्की आहे," ते म्हणाले.

"आहेच मुळी! तुमच्या पणतवंडांनी ओढली तरी सुटायची नाही."

"कापड छान निवडलंत." मग पुस्तक खिडकीकडे धरलं, आणि कडेवर बोट ठेवून वाचू लागले, "'बाई एवढी सह'... 'मला नाही पटल'..." आणि थांबले.

मी विचारलं, "काय आहे ते?"

"हिचं होतं हो इथे. वाचताना लिहायची ती. लेखकाशी भांडायची."

बंबात गेलेली कात्रणं माझ्या डोळ्यांपुढे आली.

कंपौंडरच बोलत राहिले, जणू चूक त्यांची होती. "ती होती तोवर मी एक पुस्तक वाचलं नाही, बाइंडर. रोज म्हणायची, हे वाचा ना, मग आपण बोलू. मी म्हणायचो, ठेव तिथे, वाचतो. कधी वाचलंच नाही. गेल्यावर उघडलं, तर ही आत बडबडत बसलेली! म्हणून एका थंडीला एकच. भराभरा वाचलं तर ती संपेल. तुम्हाला सांगायची लाज वाटली. काय सांगणार, बायको जिवंत असताना ऐकलं नाही आणि आता कान देतोय म्हणून?"

मी म्हटलं, "कंपौंडर, मला जोड्याने मारा."

"छे हो. तुम्हाला काय ठाऊक? आणि पहिली पाच मला पाठ आहेत. याच्यात अर्धे शब्द उरलेत, उरलेले मी लावीन." मग त्यांनी सातव्यावर हात ठेवला, उघडलं नाही. "हे आहे ना अजून. दुखण्यात झोपून हेच वाचायची. कडेला लिहायला हात उचलायचा नाही, म्हणून मिळेल तिथे लिहायची. म्हणजे ते कापणीत सापडलं नसणार. सापडलंय?"

मी म्हटलं, "नाही. कापणीत नाही."

हे खरं होतं. असलं खरं बोलणाऱ्याच्या तोंडात शेण घालावं.

त्यांनी ते पुस्तक कपाटात परत ठेवलं. "पुढच्या थंडीला," म्हणाले, आणि मला चहा दिला. मी तो प्यायलो. निर्लज्जासारखं बिस्किटही खाल्लं.

घरी हिला सांगितलं. ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा आणि सांगा." मी म्हटलं, "उद्या." त्या उद्याचं वर्ष झालं. मी आयुष्यभर गप्पा मारल्या. मला गप्प बसवायला लोकांनी काय काय केलंय, एका लग्नात तर मला मुद्दाम मुक्या पाहुण्याशेजारी बसवलं होतं. आणि एवढी एक गोष्ट सांगायला मला जीभ नव्हती. ते भाजी आणायला निघाले की मी चपलेचा अंगठा तुटल्यासारखा वाकून बसायचो. ते दारात आले की मी आतून खोकायचो, आणि ही बाहेर जाऊन सांगायची, "यांना बरं नाही." मग आत येऊन मला म्हणायची, "खोटं माझ्या तोंडून का वदवता?" आणि कंपौंडर? खिडकीतून विचारायचे, "खोकला कोरडा की ओला?" आणि औषध ठेवून जायचे. मी ते औषध प्यायचो. रोगाशिवाय. तीच शिक्षा समजून.

पुन्हा थंडी पडली. एका दुपारी त्यांचा निरोप आला, आज सातवं काढतोय, या.

हिने माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि म्हणाली, "सांगून या. न सांगता आलात तर दार उघडायची नाही."

मी गेलो. शेगडी पेटलेली, कंपौंडरांनी दाढी केलेली. टेबलावर तागड्या नव्हत्या, बाटल्या नव्हत्या, फक्त ते लाल पुस्तक आणि त्यांचा चष्मा. पुस्तक उघडायला त्यांनी हात पुढे केला आणि मी त्यावर माझा हात ठेवला.

"उघडू नका."

"का हो?"

"त्यात काही नाही. मी पुसलंय. रबराने. दोन दुपारी बसून."

त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. चष्मा लावला, उघडलं. पहिलं पान, दहावं, मधलं, शेवटचं. छापलेलं तेवढं, बाकी कोरं. मी काम चांगलंच करतो. कुठे डागसुद्धा ठेवला नव्हता.

"वर्षभर ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खोकला?"

"नव्हता."

कुठल्याशा घड्याळात चार वाजले आणि त्यांनी चहा टाकला नाही. मला वाटलं, आता उठावं. उठलोही.

"बसा," ते म्हणाले. असा आवाज मी त्यांच्याकडून ऐकला नव्हता. दवाखान्यात पळून जाणाऱ्या पोरांना असाच थांबवत असतील. "पुसताना डोळे मिटले होते का?"

"नाही."

"म्हणजे वाचलं असणार. जगात ते वाचलेला माणूस तुम्ही एकटे. काय लिहिलं होतं?"

मी खाली बसलो. आणि इथे माझी खरी लाज सांगतो. पहिल्या क्षणी माझ्या जिभेवर एक सुंदर वाक्य आलं. बाईंनी नवऱ्यासाठी लिहिलेलं, असं काहीतरी, ऐकून माणसाचा गळा भरून यावा असं. मुंगीची गोष्ट हत्तीएवढी करणारा मी, मला काय अवघड होतं? कंपौंडरांनी खिशातून कागद काढला होता, पेन्सिलीला टोक काढलं होतं आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या वेळी मी जे सांगितलं असतं ते त्यांनी लिहून घेतलं असतं.

मी ते वाक्य गिळलं. म्हटलं, "आठवू द्या."

आठवत काय होतं? पुसायच्या नादात माणूस अक्षरं बघतो, वाचत नाही. मी कपाळ चोळलं. शेवटी म्हटलं, "एके ठिकाणी होतं, 'हा माणूस जेवतो कधी?'"

कंपौंडर फस्सकन हसले. "रखवालदाराला म्हटलंय. हिचंच आहे हे. पुढे?"

"'निळी बटणं, चार.'"

त्यांनी चष्मा काढला. "माझ्या सदऱ्याची. आणायची राहिली." ते लिहिलं. "पुढे?"

"एका ठिकाणी होतं, 'इथे रडू आलं, उगाच.'"

पेन्सिल थांबली. "कुठे?"

"ते नाही सांगता येत."

"सुरुवातीला? मधे?"

"कंपौंडर, खरंच नाही आठवत."

"डाव्या पानावर की उजव्या?"

मी मान हलवली. माझी मान तेव्हा जेवढी खाली गेली तेवढी गावच्या मास्तरांपुढेही कधी गेली नव्हती.

त्यांनी चष्मा परत लावला, पुस्तक पहिल्या पानावर आणलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. रखवालदार जिना चढतो, काच पुसतो, बोटीची वाट बघतो. पान संपलं की थांबतात, वर बघतात. "इथे असेल?"

मी म्हणतो, "माहीत नाही."

"बरं," म्हणतात, आणि पान उलटतात.

दोन थंड्या झाल्या, अजून अर्ध्यापर्यंतही आलो नाही. काही पानं मला मनातून वाटतं, हेच असावं. जिथे रखवालदाराला बायकोचं पत्र येतं आणि तो ते उघडत नाही, ते वाचताना कंपौंडरांचा आवाज बसला, आणि माझं 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी विचारलं, "इथे?"

मी म्हटलं, "माहीत नाही."