मागच्या सीटचा पट्टा

हे लिहावं की नाही, यात महिना गेला. इथले बाकीच्यांचे अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर विश्वास ठेवून नाही... जेवताना काहीतरी वाचायला हवं म्हणून. माझा अभ्यासच सेन्सर्सचा आहे. चुकीचं रीडिंग आलं की आधी वायर बघायची, मग कोड बघायचा, एवढंच मला माहीत. म्हणून आधीच सांगते — वायर बघून झाली आहे.

मी मूळची जिंतूरची. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. सध्या टेक्सासमध्ये मास्टर्स करतेय आणि फ्रिस्कोला सबनीस काका-काकूंकडे वरची खोली भाड्याने घेऊन राहतेय. काका रिटायर्ड इंजिनिअर. पस्तीस वर्षं शिकागोत काढून मुलीच्या जवळ म्हणून इकडे आलेले. मला इंटर्नशिप मिळाली ती तासाभरावरच्या एका गावात, जिथे बस जात नाही. सोमवारी जॉइन व्हायचं होतं, म्हणजे लायसन्स हवंच. रोड टेस्ट शुक्रवारी सकाळी अकराला, आणि पुढची तारीख थेट दोन महिन्यांनी. टेस्ट हुकली की इंटर्नशिप गेली, इतकं सरळ होतं.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास काकांबरोबर शेवटची प्रॅक्टिस चालली होती. गाडी त्यांची, नवीनच. घराजवळचा मोठा रस्ता — दोन लेन जायच्या, दोन यायच्या, आणि मधे वळण्यासाठी पिवळ्या पट्ट्यांची एक लेन. समोरून आलेली स्कूल बस पलीकडच्या कडेला थांबली. लाल दिवे लुकलुकायला लागले, बाजूची स्टॉपची पाटी बाहेर आली, म्हणजे मुलं चढणार-उतरणार, गाड्यांनी थांबायचं. मी ब्रेक दाबला.

"थांबलीस कशाला?" काका म्हणाले.

"काका, स्कूल बस..."

"अगं, ती पलीकडे आहे. चार लेनचा रस्ता असला की समोरच्यांनी थांबायचं नसतं. उद्या अशी थांबलीस ना, तर एक्झामिनर तिथेच डुलकी काढेल. चल."

काकांचा नियम शिकागोचा होता. टेक्सासमध्ये मधे खराखुरा दुभाजक असेल तरच समोरच्यांना सूट. नुसते रंगाचे पट्टे असतील तर दोन्हीकडच्यांनी थांबायचं. मला हे माहीत होतं, हँडबुक मी तीनदा वाचलं होतं. पण काका शिकवत होते, गाडी त्यांची, घर त्यांचं... आणि मोठ्या माणसाला "तुमचं चुकतंय" म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही. मी ब्रेकवरचा पाय काढला.

बसच्या शेजारून हळूच पुढे गेलो. रस्त्यात कोणी नव्हतं. हे मी कितीदा तरी आठवून पाहिलंय — कोणी नव्हतं. बस मागे पडली आणि गाडीत टिंग टिंग सुरू झालं. डॅशबोर्डवर माझ्या बरोबर मागच्या सीटचं चित्र लाल झालं होतं. म्हणजे तिथे कोणीतरी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही.

"तांदळाची बॅग राहिली असेल मागे," काका म्हणाले आणि वळून बघितलं.

सीट रिकामी होती. एका दुकानाच्या पार्किंगमध्ये थांबून आम्ही सीट दाबून पाहिली, खालची वायर काढून परत लावली, गाडी बंद करून चालू केली. टिंग टिंग तसंच. घरापर्यंत तसेच आलो. काकू दारात उभ्या होत्या.

"अहो, बॅग नाही, माणूस नाही, मग ही कोणासाठी ओरडतेय?"

काकांनी मागचं दार उघडून रिकाम्या सीटला पट्टा लावला. आवाज लगेच थांबला.

"उद्या अशीच नेऊ," ते म्हणाले. "आवाज करणारी गाडी टेस्टला घेणार नाहीत."

"आणि रिकाम्या सीटला पट्टा का, म्हणून विचारलं तर?" काकूंनी विचारलं.

"सांगेल ती, नवस आहे."

काकू हसल्या. मला हसू येईना. चहा घेताना मी हँडबुकचं ते पान काढून काकांसमोर ठेवलं. "काका, आपण थांबायला हवं होतं."

त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. "मग तू नेलीस कशाला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

त्यावर ते उठून आत गेले. मला वाटलं, रागावले. पण शुक्रवारी सकाळी खाली आले तर काका बूट घालून, किल्ली हातात घेऊन बसलेले. "सातला बस येते तिथे. एकदा नीट थांबून येऊ," म्हणाले.

त्याच जागी, तशीच समोरून बस आली. मी थांबले. मागच्याने हॉर्न दिला. "वाजवू दे," काका म्हणाले. पलीकडच्या फुटपाथवरची चार-पाच मुलं चढली. शेवटचं मूल चढलं तरी बसचं दार उघडंच, दिवे चालूच. पिकल्या केसांच्या ड्रायव्हरबाई आमच्या गाडीकडे बघत होत्या.

तेवढ्यात मागे खटका वाजला आणि पट्टा सर्रकन आत गेला. पट्टा सुटला, तरी टिंग झालं नाही. सेन्सरच्या हिशेबाने ती सीट आता रिकामी होती. आमचं दार उघडलं नव्हतं. मी वळून पाहिलं नाही, माझी हिंमत झाली नाही. मी समोर बघत राहिले. ड्रायव्हरबाईंची मान सावकाश वळत गेली — रस्ता ओलांडणाऱ्या कोणावर तरी नजर ठेवावी तशी — थेट बसच्या पायरीपर्यंत. त्या काहीतरी बोलल्या. मग दार लागलं, दिवे विझले आणि बस गेली.

"बकल नीट बसलं नसेल," काका म्हणाले. आणि स्वतःचा पट्टा चाचपून पाहिला.

टेस्ट पास झाले. सोमवारी जॉइनही झाले. गाडी डीलरकडे दाखवली, त्यांना काही सापडलं नाही. कदाचित त्या बाई रोजच दार तेवढा वेळ उघडं ठेवत असतील, उशिरा पळत येणाऱ्या एखाद्या मुलासाठी. त्यांना जाऊन विचारायचं मी दोनदा ठरवलं, दोनदा त्या कोपऱ्यापर्यंत गेलेही. विचारायचं एवढंच आहे — त्या दिवशी आमच्या गाडीतून कोणी उतरलं का?

त्या नाही म्हणाल्या तर प्रश्नच मिटला. पण हो म्हणाल्या, तर पुढचा प्रश्न मला विचारावा लागेल... आणि तो विचारायची माझी अजून तयारी नाही.