आधी उतार

अँडीज पर्वतातल्या दरीत चालायला जायचं असेल तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या: दरी आधी उतरायची असते, चढ नंतर. आम्हाला हे फार उशिरा कळलं.

मी आणि नवरा, दोघंही सह्याद्रीतले गड चढत मोठे झालो. गड ताज्या पायांनी चढायचा, दमल्यावर उतरायचा. नोकरीसाठी कतारला आलो, तर इथे दोहात टेकडीसुद्धा नाही, म्हणून दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत नजमा भागातल्या आमच्या आठ मजली इमारतीचा जिना हाच डोंगर मानला. नवऱ्याला पेरूमधली ती दरी एकदा पायी फिरायची होती. गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून घाई होती. पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक पाठीला लावून आम्ही जिना चढायचो, लिफ्टने खाली यायचो आणि पुन्हा चढायचो.

चौथ्या मजल्यावर रत्नागिरीचे एक ड्रायव्हरभाई राहत. ते विचारायचे, "वहिनी, लिफ्टशी भांडण काय?"

"उतरताना बोलतो की तिच्याशी," मी म्हणायचे.

"म्हणजे कामापुरतं."

मग नवऱ्याच्या ऑफिसात पेरूचा एक इंजिनियर आला. त्यानं नीट सांगितलं. काठावर हवा विरळ असते, तिथे एक-दोन दिवस नुसतं बसून काढा. पहाटे निघा, दुपारी दरीची भट्टी होते. पाणी वरूनच न्या. पायाची नखं कापा, नाहीतर उतारावर बुटात आपटून काळी पडतात. वर येताना खेचर मिळेल, उतरताना पाय आपलेच. शेवटी त्यानं विचारलं, "उतरायचा सराव कसा करता?"

"लिफ्टने," नवरा म्हणाला.

इंजिनियर हसला नाही. नवऱ्याला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही उलट सुरू केलं. लिफ्टने वर, जिन्याने खाली. माझी अट एकच, कठड्याला हात लावायचा नाही. दरीत कठडा नसतो. आठवड्याभरात त्याचा उजवा गुडघा सुजला. बर्फ, पट्टा, विश्रांती, सगळं करून पुन्हा उतरलो. पाचव्या मजल्यावर त्याचा हात कठड्याकडे गेला. तिसऱ्यावर तो पायरीवर बसला.

"पायऱ्या ओल्या आहेत," तो म्हणाला.

पायऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या.

"खलास," मी म्हटलं. "आपण जात नाही."

"पुढच्या वर्षी बघू."

"गुडघा काय पुढच्या वर्षी नवा फुटणार आहे?"

त्याची सॅक मी घेतली.

पेरूसाठी राखलेली सुट्टी पुण्यात हाडांच्या डॉक्टरकडे गेली. झीज भरून येत नाही, जिने टाळा, एवढंच ते म्हणाले. परत आल्यावर आम्ही दोहातल्याच मदिनत खलीफा भागात तळमजल्यावर भाड्याने घर घेतलं. संध्याकाळी ऊन उतरलं की तो आवाराच्या भिंतीकडेने फेऱ्या मारतो. जमीन सपाट आहे. तेवढं त्याला झेपतं.